डिसॅबिलिटीचा अर्ज फेटाळला? सुनावणीबद्दलचे गैरसमज

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे डिसॅबिलिटीसाठी केलेल्या पहिल्या अर्जांपैकी ढोबळमानाने तीनातले दोन फेटाळले जातात. पत्र आलं की घरात एकच सूर लागतो: ‘सरकारनेच नाही म्हटलं, आता काय उरलं?’ उरलेलं बरंच असतं. आधी फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, त्यानंतर अपील्स कौन्सिल आणि शेवटी फेडरल कोर्ट. फेरविचारातही बहुतेकांच्या पदरी नकारच येतो, म्हणून तिथे खचून थांबू नये. पहिला अर्ज आणि फेरविचार, या दोन पायऱ्यांवर फक्त कागद बघितले जातात. अर्जदाराचं म्हणणं समोरासमोर ऐकून घेणारा माणूस सुनावणीतच भेटतो, आणि आधीच्या नकाराचं कोणतंही बंधन त्याच्यावर नसतं.

मात्र प्रत्येक पायरीवर अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी ते तुम्हाला मिळालं असं धरतात आणि तिथून दिवस मोजतात.

‘अपिलाच्या भानगडीत कोण पडणार, नवा अर्ज टाकू.’ हा सल्ला ओळखीपाळखीतून हमखास मिळतो आणि तो फार महागात पडतो. २०११पासूनच्या नियमानुसार एकाच प्रकारच्या लाभासाठी अपील आणि नवा अर्ज सहसा एकाच वेळी चालवता येत नाहीत. अपील सोडलं की जुन्या अर्जाची तारीख जाते, आणि नव्या अर्जावर थकबाकी मिळते ती जास्तीत जास्त मागच्या १२ महिन्यांची. शिवाय डिसॅबिलिटीचा हा लाभ म्हणजे विमा आहे. काम सुटल्यावर साधारण पाच वर्षांत त्याचं कवच संपतं. ते संपल्यानंतर असमर्थता सुरू झाली असं ठरलं, तर आजार कितीही खरा असला तरी हाती काही लागत नाही.

विमा म्हटल्यावर आपल्या लोकांचा आणखी एक समज दूर करायला हवा: ‘आपण कुठे नागरिक आहोत, आपल्याला काय मिळणार?’ एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या पगारातूनही सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो. साधारणपणे ४० क्रेडिट्स, त्यातली २० गेल्या दहा वर्षांतली, एवढं काम आणि देशात कायदेशीर वास्तव्य असेल तर नागरिकत्वावाचून अडत नाही. वय कमी असेल तर क्रेडिट्सही कमी लागतात. भारतातल्या नोकरीची वर्षं मात्र यात धरत नाहीत, कारण दोन्ही देशांमध्ये तसा करार नाही. एसएसआय ही गरजूंसाठीची योजना वेगळी, आणि तिथे नागरिकत्वाचे नियम फार कडक आहेत.

‘कोर्टात सरकारी वकील उलटतपासणी घेईल’, ही भीतीही अनाठायी आहे. सरकारच्या बाजूने भांडणारा वकील तिथे नसतो. एक साधी खोली किंवा फोन किंवा व्हिडिओ कॉल, न्यायाधीश, रेकॉर्डिंग करणारा कर्मचारी, आणि बहुतेक वेळा व्होकेशनल एक्स्पर्ट म्हणजे नोकऱ्यांची माहिती असलेला तज्ज्ञ. कधी वैद्यकीय तज्ज्ञही असतो. शपथ घ्यावी लागते. तारखेची नोटीस निदान ७५ दिवस आधी येते.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज आजाराबद्दलचा आहे. ‘एमआरआय आहे, ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे?’ भारतात ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची सवय असल्यामुळे आपण टक्केवारीत विचार करतो. सोशल सिक्युरिटीकडे टक्के नाहीत. सलग किमान १२ महिने कोणतंही पुरेसं कमाईचं काम जमणार नाही, असं ठरलं तरच लाभ, नाहीतर काहीच नाही. ‘हा रुग्ण काम करण्यास पूर्णपणे असमर्थ आहे’ या डॉक्टरांच्या वाक्याला २७ मार्च २०१७पासूनच्या अर्जांमध्ये पुरावा म्हणून वजन नाही, कारण तो निर्णय डॉक्टरांचा नाही. डॉक्टरांकडून हवंय ते असं: सलग किती मिनिटं बसता येतं, किती वजन उचलता येतं, महिन्यात किती दिवस अंथरूण धरावं लागतं, आणि हे कोणत्या तपासणीवरून म्हणता.

याचं कारण सुनावणीतच कळतं. न्यायाधीश त्या व्होकेशनल एक्स्पर्टला विचारतात: समजा, याच वयाचा, एवढंच शिकलेला माणूस आहे, दहा पौंडांपर्यंत उचलतो, दिवसात सहा तास बसू शकतो, त्याला कुठलं काम जमेल? तज्ज्ञ दोन-तीन नोकऱ्यांची नावं सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो: हाच माणूस महिन्याला तीन दिवस गैरहजर राहिला तर? उत्तर बहुधा ‘एकही नोकरी नाही’ असं येतं. अनेक प्रकरणांचा निकाल या दोन प्रश्नांच्या मधल्या फरकावर ठरतो. ते तीन दिवस तुमच्या कागदपत्रांत आणि तुमच्या तोंडी उत्तरांत दिसले पाहिजेत.

आणि इथेच आपला स्वभाव आड येतो. डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की आपण सवयीने म्हणतो, ‘बरं आहे.’ ते नोंदीत जातं आणि दोन वर्षांनी तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. न्यायाधीशांनी ‘स्वयंपाक करता का?’ विचारलं तर नुसतं ‘हो’ म्हणणं हे अर्धवट उत्तर आहे. पूर्ण उत्तर असं असू शकतं: ‘भाजी स्टुलावर बसून चिरते, मग अर्धा तास पाठ टेकावी लागते. कणीक मुलगी मळते. पोळ्या लाटायला उभं राहवत नाही, म्हणून आठवड्यातले चार दिवस पोळ्या विकतच्या.’ ही तक्रार किंवा रडगाणं नाही, शपथेवरची साक्ष आहे. वाढवून सांगणंही तितकंच घातक, कारण एक अतिशयोक्ती पकडली गेली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

वकिलाच्या खर्चाला घाबरून एकटं जाऊ नका. फी साधारणपणे जिंकलात तरच द्यायची असते. नेहमीच्या करारात ती थकबाकीच्या २५ टक्के किंवा २०२४च्या अखेरीस ठरलेली ९,२०० डॉलरची कमाल मर्यादा, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच. कागदपत्रं सुनावणीच्या निदान पाच कामकाजी दिवस आधी द्या. जी मिळालेली नाहीत, त्यांची यादी तरी तोवर कळवा.

इंग्रजी येतं, पण दुखणं मराठीतच नीट सांगता येतं, अशी आई, सासरे किंवा नवरा तुमच्या घरात असेल तर सुनावणीसाठी मराठी दुभाष्या मागून घ्या. तो सोशल सिक्युरिटी पुरवते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.