वर्गात खेळू द्यायचं का?

लेखमाला : पट्ट्याची दोन टोकं (भाग ९)

कुत्र्याला क्लासला घालताना बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी असतात. त्यानं सांगितलेलं ऐकावं आणि त्याला चार दोस्त मिळावेत. दोन्ही रास्त आहेत. पण दोन्ही एकाच तासात, एकाच मैदानावर हव्या असतात, तिथं घोळ होतो. रविवारी सकाळी सात-आठ कुत्री पट्ट्याला धरून गोलात उभी असतात. ट्रेनर 'सिट' कसं शिकवायचं ते सांगत असतो. तेवढ्यात सिंबाचे बाबा पट्टा ढिला सोडतात आणि सिंबा शेजारच्या कोकोच्या तोंडाशी जाऊन भिडतो. "काही करत नाही हो तो, नुसतं भेटायचंय त्याला." कोकोची आई कसनुसं हसते. कोको तोवर तिच्या पायांमागे गेलेली असते.

पट्टा सैल ठेवून चालण्याबद्दल गेल्या भागात लिहिलं, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न याच गोष्टीचे आले. "आमचा ट्रेनर दुसऱ्या कुत्र्याजवळ जाऊच देत नाही, मग याचं सोशलायझेशन व्हायचं कसं?" आणि याच्या बरोबर उलट: "अर्धा तास नुसता दंगा चालतो, शिकवतात कधी?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यांच्या गाठीभेटी वर्गात अजिबात नकोत. मोकळा खेळ असावा, पण पिल्लांच्या वर्गात, आणि तोही धड्याचा भाग म्हणून. मोठ्या कुत्र्यांच्या वर्गात खेळ नसला तरी काही बिघडत नाही.

भांडण जुनंच आहे. आज्ञापालन शिकवण्याची रीत आली ती पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांकडून. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं प्रशिक्षणावरचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या पूडल पाळणाऱ्या बाईंनी खटपट केली आणि १९३६ मध्ये अमेरिकन केनल क्लबनं आज्ञापालनाच्या स्पर्धा आपल्या छत्राखाली घेतल्या. त्या काळच्या शिस्तीत कुत्र्यानं मालकाच्या डाव्या पायाशी चालायचं, शेजारच्याकडे वळला की गळ्यातल्या साखळीला हिसका. असा हिसका कोवळ्या मानेला झेपत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या आत पिल्लू वर्गात घेतच नसत. शिकायचं वय कुठलं, हे असं साखळीनं ठरवून टाकलं होतं.

आणि ते चुकीचं वय होतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून जे पाहिलं ते १९६५ मध्ये पुस्तकरूपानं आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे जे भेटतं ते त्याला पुढं आपलं वाटतं. जे भेटत नाही त्याची धास्ती बसू शकते. सहा महिने थांबायचं म्हणजे हा सगळा काळ वाया घालवायचा. इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्यानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पिल्लांचे वर्ग काढले आणि त्यात पट्टेच सोडून टाकले. पिल्लं मोकळी, मालक जमिनीवर बसलेले, मध्ये धिंगाणा.

डनबारचं नाव घेऊन आपल्याकडेही 'पपी पार्टी' भरवल्या जातात, पण त्याच्या पद्धतीतला धिंगाणा तेवढा घेतला जातो आणि खरी मेख राहून जाते. त्याच्या वर्गात खेळ सलग चालत नसे. थोडा वेळ झाला की मालकानं आपल्या पिल्लाजवळ जायचं, खाऊ नाकाशी धरून त्याला बसवायचं, खाऊ द्यायचा आणि लगेच म्हणायचं, "जा, खेळ." पुन्हा थोड्या वेळानं तेच. तासाभरात कितीतरी वेळा. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व याच्या मुळाशी आहे: जे करायला मन धावतं ते कमी आवडत्या कामाच्या पाठोपाठ मिळालं, तर ते कामही वाढतं. पाढे म्हण आणि मग अंगणात पळ, असं सांगणाऱ्या आपल्या आयांना हे ठाऊक होतंच. फरक एवढाच, की पिल्लाला पुन्हा अंगणात सोडायचं असतं ते लगेच, दोन सेकंदांच्या आत. बोलावणं म्हणजे मजा संपली, हे समीकरण डोक्यात बसलं की पुढं मैदानावर हाका मारून घसा सुकतो.

सलग अर्धा तास दंगा घातलेलं पिल्लूही शिकतच असतं. दुसरं कुत्रं हीच जगातली सगळ्यात भारी गोष्ट, आणि खेळताना मालकाचा आवाज ऐकला नाही तरी चालतं, हे ते शिकतं. आठव्या महिन्यात तेच पिल्लू तीस किलोचं होऊन रस्त्यापलीकडचं कुत्रं दिसताच तुम्हाला फरफटत नेतं.

आता पट्ट्यावरच्या भेटीचं. मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत. बाकदार वळसा घेतात, नजर बाजूला ठेवतात, मागच्या अंगाला हुंगतात आणि नको वाटलं की निघून जातात. पट्टा ताणला की यातलं काहीच जमत नाही. मान वर ओढली जाते, छाती पुढं येते, पुढचे पाय उचलल्यासारखे होतात. समोरच्याला तो पवित्रा दिसतो, मागचा पट्टा नाही. शिवाय निघून जाण्याची सोय उरत नाही. मग ज्याला भीती वाटते त्याच्याजवळ गुरगुरण्याशिवाय काय राहतं? आणि ज्याला भीती नाही, पण रोज ताणून-ताणून थोडंसंच भेटायला मिळतं, तो वैतागून भुंकायला लागतो. "घरी इतका गोड, पट्टा लावला की गुंड," ही तक्रार बऱ्याचदा अशाच भेटींतून तयार झालेली असते. दोन पट्ट्यांचा गुंता झाला आणि मालक घाबरून ओढायला लागले की काय होतं, ते ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

अमेरिकन केनल क्लबची १९८९ पासून एक परीक्षा आहे, चांगल्या नागरिकासारखं वागणाऱ्या कुत्र्यांसाठी. दहा चाचण्या असतात. त्यातल्या एकीत दोन मालक आपापली कुत्री घेऊन समोरासमोर येतात, हस्तांदोलन करतात, दोन शब्द बोलतात आणि पुढं जातात. कुत्र्यांनी करायचं काय? काही नाही. शेजाऱ्याकडे एखादी नजर टाकली तर चालेल, तिकडे झेपावायचं नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, व्हेटकडच्या बाकावर, सकाळच्या फेरीत तुम्हाला रोज लागणार आहे ते हेच. ते शिकायला वर्गासारखी जागा नाही, कारण तिथं दुसरी कुत्री हमखास असतात आणि अंतर तुमच्या हातात असतं. पंधरा फुटांवर शांत बसता येतं? मग पुढच्या आठवड्यात बारा.

पिल्लांच्या खेळाकडे परत येतो, कारण तिथं बघायला शिकावं लागतं. पुढचे कोपर जमिनीला टेकलेले, ढुंगण वर, असा वाकून केलेला नमस्कार सगळ्यांनी पाहिलेला असतो. मार्क बेकॉफ यांनी असे खेळ चित्रफितींवर पुन्हा पुन्हा पाहून दाखवलं, की हा नमस्कार बऱ्याचदा चाव्याच्या किंवा जोरदार हिसड्याच्या आगेमागे येतो. जणू "हे खेळातलं आहे बरं का" अशी हमी. मोठं पिल्लू मुद्दाम उताणं पडून लहानाला वर चढू देतं, हेही चांगलं लक्षण. पण लॅबचं दांडगं पिल्लू छोट्या पॉमला सारखं दाबून धरत असेल, तर मालकांत लगेच वाद होतो. एक म्हणतो खेळतायत, दुसरा म्हणतो मारतायत. वाद घालू नका, लॅबला उचलून धरा. पॉमनं अंग झटकलं, दोन पावलं पुढं येऊन लॅबच्या नाकाला नाक लावलं, तर खेळ होता. ती सरळ खुर्चीखाली गेली, ओठ चाटत, शेपूट पोटाशी, तर नव्हता, आणि आजच्यापुरती ती जोडी मोडायची. जांभई, ओठ चाटणं, मालकाच्या मांडीवर चढू बघणं, या खुणा दिसल्यावर "राहू दे, शिकेल आपोआप" म्हणणारा ट्रेनर मला पटत नाही. ते पिल्लू काय शिकतंय ते तुम्हाला वर्षभरानं कळेल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी बाजारात 'पंचेचाळीस दिवसांचं' हाच दर्जा समजला जातो, आणि त्याहूनही लहान सर्रास विकली जातात. भावंडांत लोळून, कुणी केकाटलं की जबडा ढिला करायला शिकायचे दिवस त्यांचे बुडालेले असतात. अशा पिल्लाला वर्गातला खेळ इतरांपेक्षा जास्त लागतो. आणि नेमका त्याच वेळी डॉक्टरांचा सल्ला असतो, लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर काढू नका.

डॉक्टरांची भीती खरी आहे. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि आपल्या मैदानांवर कोणकोण फिरून गेलंय त्याचा हिशेब नसतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेनं २००८ मध्ये असा कौल दिला, की लसींचा पहिला हप्ता होऊन किमान सात दिवस झाले असतील, तर सात-आठ आठवड्यांचं पिल्लू वर्गात घ्यायला हरकत नाही. तो कौल आपल्या उघड्या मैदानाला जसाच्या तसा लावू नका. धुता येणारी फरशी, बंद जागा, प्रत्येकाचं लसकार्ड तपासून प्रवेश, एवढं असेल तर आपल्या व्हेटशी बोलून ठरवा. नसेल, तर पिल्लू कडेवर घेऊन मंडईच्या कडेला वीस मिनिटं उभे राहा. रिक्षा, छत्र्या, लहान मुलं, लांबून जाणारी कुत्री, हे सगळं पाहणंही त्याच शिक्षणात मोडतं आणि फुकट आहे.

दीड-दोन वर्षांनंतर पुष्कळ कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांशी खेळायची हौसच उरत नाही. ओळखीचे दोन-तीन पुरतात. गल्लीतून घरी आणलेल्या इंडीमध्ये हे जास्त दिसतं. त्याला 'फ्रेंडली' करण्याच्या नादात वर्गात ढकलू नका.

खेळानं शिकलेलं पक्कं होतं, म्हणून खेळ हवाच, असंही सांगितलं जातं. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातला २०१७ चा प्रयोग त्यासाठी पुढं करतात. सोळा लॅब्राडॉर होते. धडा झाल्यावर निम्म्यांना खेळवलं, निम्म्यांना विश्रांती दिली. दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा जमायला खेळलेल्यांना सरासरी २६ प्रयत्न लागले, बाकीच्यांना ४३. प्रयोग छोटा असला तरी छान आहे. फक्त ती कुत्री खेळली होती माणसांबरोबर. तेव्हा तास संपल्यावर सिंबाला कोकोवर सोडण्याऐवजी त्याच्या बाबांनी खिशातून दोरी काढावी आणि दहा मिनिटं स्वतः ओढाओढी करावी.

पैसे भरण्याआधी एक तास कुत्र्याशिवाय जाऊन वर्ग बघा. दोन कुत्र्यांमध्ये किती जागा सोडली आहे, खेळ असेल तर मध्येमध्ये कितीदा थांबवतात, आणि खुर्चीखाली गेलेल्या पिल्लाकडे कुणाचं लक्ष जातं का, एवढंच पाहा.

पुढच्या आठवड्यात : हाक मारल्यावर न येणारं कुत्रं.