दार दोरीनं बांधू नका

दिवाळीनंतर दर्यापूरच्या जिनिंगांकडे कापसाच्या गाड्या वळल्या की माझ्या दुकानासमोर जुन्या पिकअप थांबू लागतात. इंजिनाचं काम मी करत नाही. गाड्यांची दारं, काचा, बिजागऱ्या आणि कुलपं एवढाच माझा धंदा. चालक खाली उतरतो आणि बहुतेक वेळा एकच सांगतो, “मिस्त्री भाऊ, दार उघडूनच नाही राह्यलं, लॉक बदलून द्या.” मी त्याला आधी बसायला सांगतो. कारण दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीचं लॉक अडतं तेव्हा ते सहसा मोडलेलं नसतं, मळलेलं असतं. ते उघडून साफ केलं तर पुढे कितीतरी हंगाम निघतात.

जे दुकानात येतात त्यांची मला चिंता नाही. चिंता आहे ती न येणाऱ्यांची. येवद्याच्या किंवा वडनेर गंगाईच्या रस्त्याला उभं राहून पाहा. एखाद्या पिकअपचं डावं दार नायलॉनच्या दोरीनं आतून आवळलेलं दिसतं. चालक उजवीकडून चढतो, बाकीचे त्याच्या सीटवरून सरकत आत जातात. कधी घरची माणसं, कधी पहाटे वेचणीला निघालेल्या बाया. त्या दोरीमागे काय चुकतंय आणि ते किती सहज दुरुस्त होतं, हे सगळ्यांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

दाराच्या पोटात

बाहेरून चावीचं भोक दिसतं, म्हणून सगळे त्यालाच लॉक समजतात. खरं तर दारात तीन वेगळी कामं चालतात.

पहिलं काम चावीच्या नळीचं, म्हणजे सिलिंडरचं. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या असतात आणि प्रत्येक पत्तीमागे केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. चावीचे दाते बरोबर असले की सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते. एक जरी पत्ती धुळीत रुतली तर चावी आत जाऊनही फिरत नाही.

दुसरं काम लॅचचं. दाराच्या कडेला आत बसवलेला हा लोखंडी जबडा. गाडीच्या खांबावर एक कडी किंवा जाड खुंटी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लोटलं की जबडा स्ट्रायकरला पकडतो आणि मागचा एक खटका त्याला अडवून धरतो. हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात दार अर्धं लागतं, दुसऱ्यात पक्कं.

तिसरं काम रॉडचं. बाहेरचं हँडल, आतलं हँडल, चावी आणि खिडकीजवळची खुंटी या सगळ्यांपासून लोखंडी सळ्या लॅचपर्यंत जातात. त्यांची टोकं प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपांनी अडकवलेली असतात. हँडल ओढल्यावर हाताला काहीच ओढ लागत नसेल, तर बहुधा क्लिप तुटून रॉड आत लोंबकळत असतो. क्लिप काही रुपयांना मिळते. ती न शोधता लोक अख्खं लॉक बदलतात.

खारं पाणी, फुफाटा आणि ऊन

हीच गाडी दुसऱ्या मुलखात इतकी अडणार नाही, असं मला वाटतं. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला आहे. इथलं जमिनीतलं पाणी खारं. पिण्याला शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, ते गाडीवर कोण ओतणार? गाडी धुतली जाते ती बोअरच्या पाण्यानं. पाणी वाळतं, क्षार मागे राहतो. लॅचच्या सांध्यांत आणि स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत पांढरा थर बसतो. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि लोखंडाचा गंज वेगानं वाढवतो. माझ्याकडे उघडलेल्या लॅचमध्ये हा पांढरा थर आणि त्याखालचा तांबडा गंज नेहमी सोबत दिसतात.

त्यावर काळ्या मातीची भर. उन्हाळ्यात पांदणीचा फुफाटा पिठासारखा बारीक होतो आणि चावीच्या भोकातून, काचेच्या फटीतून आत शिरतो. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन दाराच्या खालच्या कडेला थापली जाते. त्या कडेला लांबट भोकं असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या आतून वाहत त्याच भोकांतून बाहेर पडतं. भोकं चिखलानं बुजली की पाणी दारात साचतं, खालचा पत्रा कुजतो आणि ती ओल वर लॅचपर्यंत चढते. पाऊस थांबल्यावर बारीक काडीनं भोकं मोकळी करायला फार वेळ लागत नाही. पत्रा कुजल्यावर मात्र वेल्डिंगशिवाय इलाज नाही.

मग ऊन. “उन्हाळ्यात पत्रा फुगते, म्हणून दार अडते,” असं पुष्कळ चालक सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. एक मीटर लोखंड ५० अंशांनी तापलं तर अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त वाढतं. दार आणि चौकट दोन्ही सोबत तापतात, त्यामुळे तेवढाही फरक फटीत उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा खरा मार बसतो ग्रीसवर आणि प्लॅस्टिकवर. ग्रीसमधलं तेल निघून जातं, उरलेला भाग मेणासारखा घट्ट होतो. त्यात फुफाटा आणि कापसाचे तंतू मिसळले की खटका जागचा हलत नाही. क्लिपा कडक होऊन तडकतात.

हत्यार उचलण्याआधी

दार अडलं की माणूस दोन गोष्टी करतो. जोर लावतो किंवा इंजिनाचं जुनं तेल ओततो. जोरानं हँडल तुटतं, चावी पिळली जाते. तेलानं दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलाला फुफाटा चिकटून आधीपेक्षा घट्ट चिखल तयार होतो. त्यापेक्षा आधी दोष कुठे आहे ते शोधावं. ते हातानं कळतं.

दार पूर्ण उघडा. पेचकसाच्या दांडीनं लॅचचा जबडा बंद करा. दोन खटके ऐकू आले पाहिजेत. आता बाहेरचं हँडल ओढा. जबडा झटक्यात उघडला तर लॅच चांगला आहे. तो उघडत नसेल किंवा आळसानं उघडत असेल, तर लॅच मळला आहे. हीच परीक्षा आतल्या हँडलनं, मग चावीनं करा. एक काळजी घ्या. जबडा बंद असताना दार चौकटीवर आपटू नका, लॅच वाकतो. आधी हँडल ओढून जबडा मोकळा करा, मगच दार लावा.

दार उघडं असताना सगळं सुरळीत चालतं आणि लावल्यावर अडतं, तर लॉकचा काहीच गुन्हा नाही. बिजागऱ्या तपासा. दार अर्धं उघडून खालच्या कडेला धरून वर उचला. खुळखुळ जाणवली तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजले आहेत. दार खाली उतरलं आहे आणि जबडा स्ट्रायकरला वाकडा भिडतो आहे. चढताना दाराला लटकून अंग वर ओढायची सवय याच्या मुळाशी असते.

चावी आत जाते पण फिरत नाही, तर घरात ठेवलेली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून पाहा. ती फिरली तर सिलिंडर ठीक आहे, रोजच्या चावीचे दाते झिजले आहेत. चावीवाल्याकडे नवी करायची ती चांगल्या चावीवरून. झिजलेलीवरून केली तर झिजेचीच नक्कल मिळते.

आणि आतल्या हँडलनं दार उघडतं, बाहेरच्यानं नाही, तर दोष त्या एका रॉडमध्ये किंवा त्याच्या क्लिपेत. निदान झालं.

साफ करायची रीत

सिलिंडर मळला असेल तर पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेच्या पाइपानं भोकात फुंकर मारून घ्या, डोळे सांभाळून. मग ग्रॅफाइटची कोरडी पूड थोडी आत सोडा आणि चावी आतबाहेर करत फिरवा. पूड मिळाली नाही तर मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दात्यांवर घासा, तेही ग्रॅफाइटच असतं. मात्र तेल आणि ग्रॅफाइट एकत्र करू नका. त्याचा काळा लगदा होतो.

लॅच साफ करायला आतलं पॅनेल काढावं लागतं. काच वर करून ठेवा. काच फिरवायचं हँडल, दार ओढायची मूठ आणि पॅनेलचे स्क्रू काढा. पत्र्याच्या कडा हात कापतात, म्हणून हातमोजे घाला. पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका, एका बाजूनं सोडवा. दारात उतरणारं पाणी तोच केबिनमध्ये येऊ देत नाही.

रॉडांचा मोबाइलवर फोटो काढा, मग क्लिपा सोडवा. बऱ्याच पिकअपमध्ये दाराच्या कडेवरचे तीन स्क्रू लॅचला धरून असतात आणि खाऱ्या पाण्यानं ते तिथेच जाम होतात. गंज सोडवणारं द्रव्य मारून थोडा वेळ थांबा, बरोबर मापाचा पेचकस पक्का बसवा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन मगच फिरवा. मापात न बसणारा पेचकस स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो, आणि मग छोटं काम मोठं होतं.

लॅच बाहेर आला की ब्रशनं जुनं ग्रीस, क्षार, तंतू सगळं काढा. इथे बहुतेक जण डब्ल्यूडी-४० चा डबा उचलतात. ते घ्यायला हरकत नाही, पण ते कशासाठी बनलं हे माहीत असावं. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून पाणी हटवणारं मिश्रण शोधणं चालू होतं. चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं आणि तोच आकडा नावाला चिकटला. म्हणजे ते पाणी हटवतं, मळ सैल करतं. वर्षभर टिकणारं वंगण म्हणून ते पुरत नाही. त्यानं धुऊन लॅच कोरडा पुसा आणि सांध्यांवर पांढरं लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा. फार ग्रीस म्हणजे फुफाट्याला आमंत्रण.

बसवताना स्ट्रायकर सरकवायची गरज पडली तर आधी त्याभोवती खडूनं रेघ मारून ठेवा आणि एका वेळी मिलिमीटरभरच हलवा. पण बिजागरी झिजली असताना स्ट्रायकर सरकवत बसू नका. आधी पिन आणि बुश बदला, दार जागेवर आणा, मग स्ट्रायकर. हा क्रम उलटा केला तर दर हंगामात तेच काम परत येतं.

कुलूप कुणासाठी

कुलूप म्हटलं की चोर आठवतो. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्या घरांत कुलूप म्हणजे मालाची राखण, हे पक्कं बसलं आहे. गाडीच्या दाराचं लॉक मात्र आधी माणसाची राखण करतं.

हे जगालाही उशिरा कळलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले ह्यू डीहेवन आणि त्यांचे सहकारी मोटार अपघातांच्या नोंदी तपासत होते. धडकेत दार उघडून जो बाहेर फेकला जातो, त्याच्या जिवाला आत राहिलेल्यापेक्षा फार मोठा धोका असतो, हे त्यातून समोर आलं. फोर्डनं १९५६ च्या मोटारींत धडकेत सहज न सुटणारे दाराचे लॅच दिले. १९६८ पासून अमेरिकेत दाराच्या लॅचसाठी आणि बिजागऱ्यांसाठी कायद्यानं मानक लागू झालं. आपल्या पिकअपमधल्या दोन टप्प्यांच्या लॅचमागेही हाच विचार आहे. दार पक्कं लागलं नाही तरी पहिल्या टप्प्यानं धरून ठेवावं, एवढ्यासाठी तो पहिला खटका आहे.

दोरी यातलं काहीच करत नाही. धडकेत ती तुटू शकते किंवा सुटू शकते, आणि दार माणसासकट उघडतं. गाडी नाल्यात कलंडली किंवा केबिनमध्ये धूर झाला, तर तीच दोरी हाताला सुटत नाही आणि माणूस आत अडकतो. दारानं धडकेत बंद राहिलं पाहिजे आणि आतल्या माणसानं हँडल ओढताच उघडलं पाहिजे. ही दोन्ही कामं फक्त चालू लॅच करतो.

म्हणून गाडीवाल्यांना माझं सांगणं आहे. मृगाच्या आधी एकदा आणि कापूस निघायच्या आधी एकदा, दोन्ही दारं आतून आणि बाहेरून उघडून पाहा. खारं पाणी वापरलंच तर दाराची कड आणि लॅच लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. मिस्त्रीकडे गेलात तर “लॉक बदला” म्हणू नका, “लॉक उघडून दाखवा” म्हणा. साफ होत असेल तर साफ करून घ्या. जबडा किंवा खटका झिजून पकड सुटत असेल तर बिनदिक्कत नवा लॅच घ्या, तिथे काटकसर नको. आणि वेचणीला जाणाऱ्या बायांनाही सांगतो. बसायच्या आधी आपल्या बाजूचं दार आतून उघडून पाहा. उघडलं नाही तर त्या गाडीत बसू नका, आधी दुरुस्त करून आण म्हणा. गाडी तुमच्या मजुरीवर चालते. तेवढं म्हणायचा तुमचा हक्क आहे.