चपळ गाडी कीं पोक्त गाडी?

निवडीचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. कांहीं ठिकाणीं एक बाजू उघड चांगली व दुसरी उघड वाईट असते. तेथें विचारापेक्षां निश्चयच अधिक लागतो. परंतु जेथें दोन्ही बाजू चांगल्या, मात्र त्यांचा चांगुलपणा निराळ्या जातीचा, तेथें खरा विचार करावा लागतो. लहान, हलकी, चालविण्यांत मौज देणारी मोटार घ्यावी, कीं तशीच वेगवान पण पोक्त व संसारोपयोगी मोटार घ्यावी, हा प्रश्न या दुसऱ्या वर्गांतील आहे. वरवर पाहतां तो केवळ हौसेचा दिसतो. पण त्यांत यंत्रशास्त्र आहे, हिशेब आहे आणि माणसांच्या जिवाचाहि संबंध आहे. मुलांमुलांत मोटारींविषयीं जे वाद चालतात तेच पुढें घरीं पालकांपुढें जातात. म्हणून या विषयाची थोडी फोड आम्ही येथें करणार आहों.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. जिचें मागील दार कांचेसकट वर उघडतें आणि जिच्यांत बैठक व सामान यांचें दालन एकच असतें, त्या आंखूड मोटारीस 'हॅचबॅक' म्हणतात. अशी साधी, काटकसरीची मोटार घेऊन तिला अधिक शक्तीचें एंजिन, ताठ स्प्रिंगा व जोरदार ब्रेक बसविले म्हणजे जी गाडी होते तिला युरोपांत 'हॉट हॅच' असें नांव पडलें. गरिबाघरच्या घोड्यास शर्यतीची तालीम द्यावी, तसा हा प्रकार होय.

या कल्पनेचें बीज इंग्लंडांत पेरलें गेलें. १९५९ सालीं ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याच्या योजनेची 'मिनी' मोटार बाहेर पडली. तिची लांबी अवघी दहा फूट. परंतु एंजिन आडवें बसविल्यामुळें व पुढील चाकेंच फिरविण्याची योजना असल्यामुळें त्या दहा फुटांपैकीं बहुतेक जागा माणसांच्या वांट्यास आली. मूळ एंजिनाची शक्ति ३४ अश्वशक्ति होती. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर यांनीं तिच्यांतील गुण ओळखला, आणि १९६१ सालीं ५५ अश्वशक्तीची 'मिनी कूपर' निघाली. याच घराण्यांतील गाड्यांनीं १९६४, १९६५ व १९६७ या सालीं माँटे कार्लोची अवघड शर्यत जिंकली. मिनीचें मागील दार वर उघडत नसे हें खरें. तथापि लहान गाडी मोठ्या गाडीस वळणावर मागें टाकूं शकते, ही गोष्ट तिनेंच जगास शिकविली.

पुढें सप्टेंबर १९७५ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनांत फोक्सवॅगन कारखान्यानें 'गोल्फ जीटीआय' मांडली व १९७६ सालीं ती विक्रीस आणली. १.६ लिटरचें एंजिन, ११० अश्वशक्ति, आणि वजन सुमारें ८१० किलो. अशा ५,००० गाड्या खपल्या तरी पुरे, असा चालकांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तोच माणूस त्याच गाडींतून सकाळीं मुलांना शाळेंत पोंचवूं शकतो व सायंकाळीं डोंगरी रस्त्यावर आनंद लुटूं शकतो, हें या यशाचें मर्म होय.

आमच्या प्रश्नाचें खरें उदाहरण मात्र १९८४ सालचें आहे. त्या वर्षीं फ्रान्समधील पूजो कारखान्यानें '२०५ जीटीआय' काढली, आणि त्याच सुमारास गोल्फ जीटीआयची दुसरी पिढी आली. पूजोचें एंजिन १.६ लिटर व १०५ अश्वशक्तीचें, वजन सुमारें ८५० किलो. गोल्फचें एंजिन १.८ लिटर व ११२ अश्वशक्तीचें, वजन सुमारें ९२० किलो. आतां विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा. दर टन वजनामागें पूजोस सुमारें १२४ व गोल्फास सुमारें १२२ अश्वशक्ति मिळते. म्हणजे आंकड्यांत दोघी जवळजवळ सारख्याच. पण स्वभाव अगदीं भिन्न. गोल्फ सुमारें २८ सेंटिमीटर अधिक लांब. तिच्यांत माणसें व सामान सुखानें राहावें, लांबचा प्रवास शांतपणें व्हावा, याकडे लक्ष दिलेलें. पूजो आंखूड, चंचल व हाताखालीं तत्काळ वळणारी. एक चपळ, दुसरी पोक्त. आणि युरोपांतील गिऱ्हाईक दोन मनांत सांपडलें.

मौज म्हणजे नेमकें काय? पुष्कळांस वाटतें कीं, मौज म्हणजे वेग. हा समज चुकीचा आहे, असें आम्हांस वाटतें. वळणावर गाडीस आंत धरून ठेवणारें बळ टायर व रस्ता यांच्या घर्षणांतून येतें. घर्षण वजनाच्या प्रमाणांत वाढतें, आणि वळण्यास लागणारें बळहि वजनाच्याच प्रमाणांत वाढतें. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंचें वजन छेदून जातें. ५० मीटर त्रिज्येचें वळण घेतलें व घर्षणाचा गुणक ०.७ धरला, तर गाडी हलकी असो वा जड, ताशीं सुमारें ६७ किलोमीटर ही तिची मर्यादा ठरते. मग हलकेपणाचा लाभ कोणता? लाभ हा कीं, हलक्या गाडीचें जडत्व थोडें असल्यामुळें ती दिशा लवकर बदलते, तिचे ब्रेक कमी तापतात, आणि टायर रस्त्यावर काय करीत आहे याची वार्ता चालकाच्या तळहातास लवकर पोंचते. अशा गाडींत ताशीं साठ किलोमीटरांतहि कांहीं तरी घडत आहे असें वाटतें. जड, शांत व शक्तिमान गाडींत तोच अनुभव येण्यास वेग कितीतरी वाढवावा लागतो.

येथेंच पोक्त गाडीचा एक धोका लपलेला आहे. गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्यें भारतांतहि विक्रीस आली. तिची शक्ति २६५ अश्वशक्ति, वजन चौदाशे किलोंहून अधिक, आणि कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणें ती ५.९ सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठते. एवढ्या शक्तीची गाडी आंत बसणाऱ्यास मुळींच गडबडलेली वाटत नाहीं. वारा ऐकूं येत नाहीं, स्प्रिंगा हलत नाहींत, आणि कांटा मात्र पुढें सरकत असतो. वेग जाणवत नाहीं म्हणून त्याचा परिणाम कमी होतो, असें नव्हे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कोरड्या रस्त्यावर ताशीं ६० किलोमीटरांवरून थांबण्यास, चालकाचें भान येण्याचा एक सेकंद धरून, सुमारें ३७ मीटर लागतात. ९० वरून सुमारें ७० मीटर, आणि १२० वरून सुमारें ११४ मीटर. वेग दुप्पट झाला, पण अंतर तिपटीहून अधिक वाढलें. हें गणित वहींत सोडविणें व रस्त्यावर सोडविणें यांत फार अंतर आहे.

परंतु हलक्या गाडीचे दोषहि झांकून ठेवूं नयेत. समजा, ८५० किलोंची एक व १,४५० किलोंची दुसरी अशा दोन गाड्या ताशीं ५० किलोमीटरांनीं समोरासमोर आदळल्या व एकमेकींत गुंतून पुढें गेल्या. संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानें त्यांचा समाईक वेग ताशीं सुमारें १३ किलोमीटर राहील, व तोहि जड गाडीच्या दिशेनें. म्हणजे जड गाडींतील माणसांच्या वेगांत ३७ किलोमीटरांचा फरक पडला आणि हलक्या गाडींतील माणसांच्या वेगांत ६३ किलोमीटरांचा. अपघात एकच, आघात मात्र दोन मापांचे.

दुसरा दोष वळणावरचा. पूजो २०५ सारखी आंखूड गाडी वेगानें वळत असतां चालकानें भिऊन वेगवर्धकावरील पाय एकदम काढला, तर भार पुढील चाकांवर जातो, मागील चाकें हलकीं होतात व गाडीची पाठ बाहेर सरकते. जाणत्यास हाच तिचा आनंद होता. नवशिक्यास हाच तिचा सापळा ठरला. गाडी स्वतःच निरनिराळ्या चाकांस ब्रेक लावून घसरणें सांवरते, अशी विद्युत्-नियंत्रित योजना पुढें निघाली, आणि युरोपीय संघानें नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींस सक्तीची केली. ही योजना, हवेच्या उश्या व बळकट दारें यांमुळें गाड्यांचें वजन वाढलें. परंतु तें वजन व्यर्थ गेलें, असें कोणीहि म्हणूं नये.

समाजानेंहि या मौजेची किंमत दिली आहे. ब्रिटनमध्यें अशा लहान वेगवान गाड्या तरुणांच्या व चोरांच्याहि आवडीच्या झाल्या. विम्याचे हप्ते जबर वाढले, आणि चोरलेल्या मोटारी बेफामपणें हांकण्यास आळा घालण्यासाठीं १९९२ सालीं पार्लमेंटास निराळा कायदा करावा लागला.

हा प्रश्न आपणांपासून फार दूरचा आहे असें समजूं नका. आमच्या पुणें जिल्ह्यांतच त्याचीं दोन्ही उत्तरें तयार होत होतीं. चाकण येथें फोक्सवॅगनच्या कारखान्यांत पोलो बनत असे. २०१३ सालीं तिची 'जीटी टीएसआय' ही आवृत्ति आली: १.२ लिटर, १०५ अश्वशक्ति, आणि आपोआप बदलणारे सात गिअर. दुसरीकडे रांजणगांव येथील फियाटच्या कारखान्यांतून २०१५ सालीं 'अबार्थ पुंतो' निघाली: १.४ लिटर, १४५ अश्वशक्ति, हातानें बदलण्याचे पांच गिअर व चारी चाकांस डिस्क ब्रेक. पोलोस ताशीं १०० किलोमीटर गांठण्यास ९.७ सेकंद, तर अबार्थास ८.८ सेकंद लागतात, असें त्या त्या कारखान्यांचें म्हणणें होतें. आतां या दोन्ही गाड्यांचें उत्पादन बंद झालेलें आहे. तथापि त्यांच्यापासून मिळणारा धडा शिल्लक आहे.

तो धडा कराचा आहे. आपल्या देशांत चार मीटरांच्या आंतील लांबीची व १,२०० घनसेंटिमीटरांच्या आंतील पेट्रोल-एंजिनाची गाडी 'लहान' समजली जाते व तिला कर कमी पडतो. पोलो या मापांत बसली. अबार्थाची लांबी मापांत होती, पण एंजिन मोठें ठरलें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें लहान पेट्रोल-गाडीवर १८ टक्के व त्या मापांत न बसणाऱ्या गाडीवर ४० टक्के कर आहे. म्हणून युरोपांत जी मौज मध्यमवर्गास परवडली, ती येथें बहुधा चैनीची वस्तु होऊन बसते. बाहेरून आणलेल्या गोल्फ जीटीआयची किंमत तर कारखान्यानें सुमारें ५३ लाख रुपये ठेविली होती.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें पालकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं तीन प्रश्न घरींच सोडवावे. पहिला, गाडींत नित्य कोण बसणार? मागील बाकावर वृद्ध आईवडील व मुलें बसणार असतील आणि घरांत गाडी एकच असेल, तर पोक्त गाडीच योग्य. हौस एकाची व हाल चौघांचे, असा व्यवहार घरांत टिकत नाहीं. दुसरा, रस्ता कोणता? शहरांतील गर्दी व वळणावळणाचे घाट हेंच नित्याचें असेल व चालक बहुधा एकटाच असेल, तर लहान चपळ गाडी थोड्या वेगांत व थोड्या पैशांत अधिक समाधान देते. तिसरा, वेग कोठें वापरणार? मुंबई–पुणें द्रुतगति मार्गाच्या सपाट भागांतहि मोटारींस ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. सहा सेकंदांत जी मर्यादा संपते तिच्या पलीकडील शक्ति वापरतांच येत नसेल, तर ती कशासाठीं विकत घ्यावी? पोक्त गाडी तिच्या पोक्तपणासाठीं घ्यावी. केवळ वेगासाठीं घेणारा दोन्हीकडून फसतो. आणि गाडी कोणतीहि असो, घसरण सांवरणारी योजना व हवेच्या उश्या यांवर काटकसर करूं नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतांत 'भारत एनकॅप'ची सुरक्षिततेची परीक्षा सुरू झाली आहे. आपल्या गाडीची परीक्षा झाली असल्यास तिला किती तारे मिळाले हें आधीं विचारावें.

विद्यार्थ्यांस एक शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. तुमचा कल लहान, चपळ गाडीकडे असेल हें आम्ही जाणतों, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. हलकेपणांतील सौंदर्य ओळखणें ही चांगल्या अभियंत्याची पहिली खूण आहे. परंतु अठरा वर्षें पूर्ण होईतों ती गाडी वहींतच चालवावी. २०१९ सालीं सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. तोंपर्यंत वर दिलेलीं गणितें आकडे बदलून पुन्हां पुन्हां सोडवावीं. पुढें किल्ली हातीं येईल तेव्हां कोणत्या वेगास किती मीटर रस्ता लागतो हें ज्याला तोंडपाठ असेल, त्याच्या हातीं चपळ गाडी देण्यास कोणताहि पालक फारसा कचरणार नाहीं.