निमज्जन-लेपनातील द्रावकाची निवड

पॉलिमरच्या (बहुवारिकाच्या) द्रावणात काच, धातू किंवा सिलिकॉनची पट्टी बुडवून ती ठरावीक वेगाने वर खेचण्याच्या पद्धतीस निमज्जन-लेपन किंवा डिप-कोटिंग म्हणतात. पट्टीसोबत वर आलेल्या द्रवातील द्रावक उडून जातो आणि पॉलिमरचे पातळ पटल मागे उरते. तयार पटलात द्रावकाचा अंश नगण्य असला, तरी पटलाची जाडी, सच्छिद्रता, पारदर्शकता व अंतर्गत रचना मोठ्या प्रमाणात द्रावकावरच ठरते.

जाडीवरील परिणाम

वर खेचल्या जाणाऱ्या पट्टीला किती द्रव चिकटून राहतो, याचे गणित लेव लांडाऊ व व्हेनियामिन लेव्हिच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये मांडले. त्यानुसार ओल्या थराची जाडी द्रवाची श्यानता व खेचण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग दुप्पट केल्यास जाडी सुमारे १.६ पट होते. पृष्ठताण व घनता वाढल्यास जाडी कमी होते. श्यानता, पृष्ठताण व घनता हे तिन्ही गुणधर्म द्रावकानुसार बदलतात.

वेग अत्यंत कमी ठेवल्यास चित्र उलटते. पट्टी व द्रव यांच्या सीमारेषेवरच द्रावक उडू लागतो आणि पॉलिमर तेथे साचतो. अशा वेळी वेग आणखी कमी केल्यास पटल अधिक जाड होते. या दोन अवस्थांच्या मध्ये एका विशिष्ट वेगाला पटल सर्वांत पातळ मिळते. हा वेग कोणता, हे मुख्यतः द्रावकाच्या बाष्पीभवनाच्या गतीवर अवलंबून असते.

विद्राव्यता आणि रेणूंची ठेवण

पॉलिमरचा रेणू लांब साखळीसारखा असतो. अनुकूल द्रावकात ही साखळी पसरते, तर प्रतिकूल द्रावकात आखडते. पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये सहज विरघळते. सायक्लोहेक्झेनमध्ये मात्र सुमारे ३४.५° से. तापमानाला साखळीचे पसरणे व आखडणे एकमेकांस तोलून धरतात. या अवस्थेला ‘थीटा स्थिती’ म्हणतात. ही संकल्पना मांडणाऱ्या पॉल फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन भिन्न पॉलिमरखंड जोडून बनलेल्या खंड-सहपॉलिमरांत द्रावकाचा प्रभाव अधिक ठळक असतो. पॉलिस्टायरीन व पॉलि-४-व्हिनिलपिरिडीन यांचा सहपॉलिमर टोल्युइनमध्ये घातल्यास पहिला खंड विरघळतो, दुसरा विरघळत नाही. त्यामुळे न विरघळणारे खंड आत व विरघळणारे बाहेर अशा सूक्ष्म गोलकांचा समूह तयार होतो. क्लोरोफॉर्ममध्ये दोन्ही खंड विरघळत असल्याने साखळ्या सुट्या राहतात व सूक्ष्मरचना पटल वाळताना घडते. म्हणून एकाच पदार्थापासून ठिपक्यांची, पट्ट्यांची किंवा वैशिष्ट्यहीन अशी वेगवेगळी पटले मिळू शकतात.

वाळण्याचा वेग

क्लोरोफॉर्मचा उत्कलनांक ६१° से., टोल्युइनचा १११° से., क्लोरोबेंझीनचा १३२° से., तर १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीनचा सुमारे २१४° से. आहे. द्रावक झपाट्याने उडाल्यास साखळ्यांना रचून बसण्यास अवधी मिळत नाही व त्या विस्कळीत अवस्थेतच गोठतात. द्रावक सावकाश उडाल्यास स्फटिकी रचना वाढते. पॉलिथायोफीनसारख्या वीजवाहक पॉलिमरांत अशी सुव्यवस्थित रचना विद्युतभाराच्या वहनास पोषक ठरते.

सौरघटांतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये प्रकाशित झालेल्या संशोधनात पॉलिमर व फुलेरीन यांच्या मिश्रणासाठी टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन वापरल्यावर घटाची कार्यक्षमता ०.९ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांपर्यंत वाढली. हा लेप फिरत्या पट्टीवर (स्पिन-कोटिंगने) दिला होता, परंतु कारण निमज्जन-लेपनालाही लागू पडते. टोल्युइनमध्ये फुलेरीनचे मोठे पुंजके बनले, तर क्लोरोबेंझीनमध्ये ते अधिक एकजीव मिसळले.

हवेतील आर्द्रता

द्रावक उडताना पटलाची उष्णता शोषून घेतो. पटलाचे तापमान दवबिंदूखाली गेल्यास हवेतील बाष्प त्यावर थेंबांच्या रूपाने साचते. द्रावक पाण्यात न मिसळणारा असल्यास हे थेंब पटलावर ओळीने मांडले जातात व वाळल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे उरतात. कार्बन डायसल्फाइड वापरून अशी पटले १९९४ मध्ये फ्रान्समध्ये तयार करण्यात आली. ॲसिटोनसारखा पाण्यात मिसळणारा द्रावक असल्यास पाणी द्रावणात शिरते, पॉलिमर अवक्षेपित होतो आणि पटल पांढरे, अपारदर्शक पडते.

कोकण किनारपट्टीवर ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ अधिक असते. वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत लघुउद्योगांच्या वसाहती आहेत. अशा हवामानात जलद उडणाऱ्या थिनरमध्ये कालवलेल्या लॅकरवर पांढरे चट्टे पडण्यामागे हेच तत्त्व असते. सावकाश उडणारा द्रावक काही प्रमाणात मिसळणे किंवा खोलीतील आर्द्रता नियंत्रित करणे, हे त्यावरील उपाय होत.

आरोग्य आणि सुरक्षितता

उत्तम रचना देणारा द्रावक नेहमी निर्धोक असतोच असे नाही. क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ यकृत व मज्जासंस्थेस अपायकारक असते. टोल्युइन व ॲसिटोन ज्वालाग्राही आहेत. बेंझीन तर मानवात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झाले आहे. शिवाय सावकाश उडणारा द्रावक पटलात अधिक काळ रेंगाळतो व ते मऊ ठेवतो, म्हणून त्यास उष्णता किंवा निर्वात देऊन काढावे लागते.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागेच्या हवेतील अशा रसायनांच्या कमाल मर्यादा दिलेल्या होत्या. त्यामुळे द्रावक निवडताना पटलाची रचना, स्थानिक हवामान आणि ते हाताळणाऱ्या कामगाराचे आरोग्य या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. अलीकडे कमी विषारी द्रावकांच्या मिश्रणातून तीच रचना साधण्याकडे संशोधनाचा कल आहे.