प्रवासी सायकलीचे ब्रेक

चातुर्मास संपताच काही घरांतील तरुण सायकलीने तीर्थयात्रेस निघतात. खरेदीत गिअरची चौकशी बारकाईने होते, ब्रेकची मात्र क्वचितच. सामानासह आंबा घाटासारखा उतार उतरताना रिमवरचे रबरी ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते व ट्यूब फुटण्याचा धोका संभवतो. डिस्क ब्रेकमध्ये ही उष्णता चाकाच्या मध्याशी असलेल्या चकतीत राहते. त्यातील तेलाचा ब्रेक हलक्या बोटाने लागतो. परंतु गळती झाल्यास खेड्यात दुरुस्ती कठीण. तारेचा डिस्क ब्रेक अधिक सोयीचा, कारण सुटी तार आणि पॅडची जोडी पिशवीत मावते. वाटेत अडून पडण्याचा खर्च व्यापाऱ्यांना सांगणे न लगे. जुन्या सायकलीवर डिस्क बसेलच असे नाही. त्यासाठी फ्रेम व फोर्कवर मुळातच तशी बैठक असावी लागते.