आभासी यंत्राच्या मंदगतीचे निदान

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत असता त्यांपैकी एखादे मंदावले, की त्यास आणखी प्रोसेसर जोडून द्यावेत, हा विचार प्रथम सुचतो. पुष्कळदा याच उपायाने दुखणे बळावते.

जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्राची लक्षणे सांगताना, प्रत्यक्ष यंत्रावर व आभासी यंत्रावर प्रोग्रॅम सारखाच चालला पाहिजे, अशी अट घातली. परंतु कालमान आणि साधनांची उपलब्धता या दोन बाबी त्यांनी त्या अटीतून वगळल्या. मंदगतीचा बहुतेक प्रश्न या अपवादातच सामावलेला आहे. आभासी यंत्रास मध्येच थांबविले असता ती गोष्ट त्यास आपण होऊन कळत नाही. म्हणून आतून घेतलेली मोजमापे फसवी ठरण्याचा संभव असतो.

सुदैवाने केव्हीएम वा झेन यांवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता ‘एसटी’ या खुणेने एक टक्केवारी दिसते. आभासी प्रोसेसर कामास सिद्ध असूनही मूळ संगणकाने त्यास जो वेळ दिला नाही, तो हा काल. यास ‘हिरावलेला काल’ म्हणता येईल. समजा, मूळ संगणकात ४ गाभे असून त्यावर प्रत्येकी ४ प्रोसेसरांची ३ यंत्रे पूर्ण भाराने चालत आहेत. वाटणी समान असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास एक तृतीयांश काल येतो, आणि हा आकडा ६७च्या आसपास जातो. येथे प्रोसेसर वाढविणे म्हणजे केवळ रांग लांबविणे होय. शिवाय, ज्या प्रोसेसरने लॉक धरून ठेवले आहे तोच थांबविला गेला, तर उरलेले प्रोसेसर त्याची वाट पाहण्यात आपल्या वाट्याचा काल व्यर्थ दवडतात.

आकडा शून्य असूनही गती नसेल, तर मेमरीकडे वळावे. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली वर्णिलेल्या ‘बलून’ पद्धतीत मूळ संगणक आभासी यंत्राच्या पोटात जणू फुगा फुगवून मेमरीची पाने परत मिळवितो. कोणती पाने सोडावयाची, हे किमान ते यंत्र स्वतः ठरविते. तेवढ्याने न भागल्यास मूळ संगणकच पाने डिस्कवर टाकू लागतो, आणि मग नेमके हवे तेच पान बाहेर जाण्याची आपत्ती ओढवते. स्नॅपशॉटांची लांबलेली साखळी हेही एक कारण असते. मूळ संगणकावर पाहिल्यास ते लगेच ध्यानी येते.

दोन रीतींच्या गतीची तुलना आभासी यंत्रावर करणाऱ्या विद्यार्थ्यास तर ‘एसटी’चा आकडा प्रत्येक चाचणीबरोबर नोंदवावाच लागेल, अन्यथा शेजारच्या यंत्रावरील भार त्याच्या प्रबंधात रीतीचा दोष म्हणून छापला जाईल.