धूर बोलतो, पण अर्धंच

ट्रक धूर सोडतोय, एवढं सांगून मेकॅनिकचं भागत नाही. त्याचे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. रंग कोणता? सकाळी थंड इंजिनावर येतो की घाटात लोड पडल्यावर? पिकअप मिळतो का? ऑइल कमी होतंय का, रेडिएटरमध्ये पाणी सारखं घालावं लागतं का? पीयूसी केंद्रावरचं यंत्र धूर किती दाट आहे ते मोजतं. बीएस-४ गाडीला ५० एचएसयूची (धुराच्या दाटपणाचं एकक) मर्यादा, त्याआधीच्या डिझेल गाड्यांना ६५ ची. धूर का येतो, हे मात्र गॅरेजमध्येच शोधावं लागतं.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल: हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. जाणता मेकॅनिक लगेच पंप उतरवत नाही. आधी एअर क्लिनर उघडतो, टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज चिरलाय का ते बघतो. निळसर धूर ऑइल जळाल्याचा. मग संशय पिस्टनच्या रिंगांवर, व्हॉल्व्ह गाइडवर, टर्बोच्या सीलवर. पांढऱ्या धुरात दोन वेगळी दुखणी लपतात. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास मारणारा धूर असेल तर डिझेल पेटतच नाही. टायमिंग मागे पडलंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय. डिझेलचा वास नसलेली वाफ येत राहिली आणि पाणी घटत राहिलं, तर हेड गॅस्केट.

हवेची बाजू ठीक निघाली की पाळी पंपाची आणि नोझलची. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेल पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. भारतात हे तंत्र मायको या नावाने घरोघरी गेलं. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातून नोझल आणि इंजेक्टर बाहेर पडू लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी नाशिककरांचं मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं.

नोझलची परीक्षा पाहण्यासारखी असते. टेस्टरवर नोझल लावून मेकॅनिक दांडा दाबतो आणि गेजचा काटा चढू लागतो. जुन्या पद्धतीचं नोझल साधारण दोनशे-अडीचशे बारला उघडतं. चांगलं असेल तर चरचरत बारीक फवारा मारतं आणि बंद झाल्यावर टोक कोरडं राहतं. टोकाशी थेंब लोंबला की काळ्या धुराचं एक कारण सापडलं. या फवाऱ्यासमोर हात धरायचा नसतो. तो कातडी भेदून आत शिरतो.

गाडी मिसिंग करत असेल तर जुन्या इंजिनात सोपी युक्ती होती. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. फरकच पडला नाही तर दुखणं तिथंच. डिझेलमध्ये हवा शिरण्याची गोष्ट आणखी फसवी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथली फट डिझेल गळू देत नाही, हवा आत घेते. म्हणून बाहेरून लाइन कोरडी ठणठणीत दिसते आणि गाडी मात्र चढावर बंद पडते.

सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल पुरवणारं कॉमन रेल आलं आणि नट सैल करायची सोय संपली. रेलमध्ये दीड-दोन हजार बारचा दाब असतो. चालू इंजिनावर तिथं पाना लावणं जिवावर बेतेल. आता सिलिंडर स्कॅनरवरून बंद करतात आणि कुठला इंजेक्टर डिझेल जास्त परत पाठवतोय, हे प्रत्येकाच्या रिटर्नला बाटली लावून मोजतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि धुराच्या वाटेत फिल्टर बसला. तो काजळी अडवतो, तापला की जाळतो. त्यामुळे इंजेक्टर टपकत असला तरी मागून धूर दिसत नाही. फिल्टर वारंवार भरतो, एवढंच. ऑइल जळत असेल तर त्याची राख साठते, आणि राख जळत नाही. मालक फिल्टर साफ करून आणतो, काही दिवसांनी डॅशबोर्डवर तोच दिवा पुन्हा लागतो. काही जण फिल्टरच काढून टाकतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय इंजेक्टर टपकतच राहतो.

पूर्वी धूर फुकटात इशारा देत असे. आता तो इशारा फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकात, रिटर्नच्या बाटलीत आणि डिपस्टिकवर शोधावा लागतो. तपासाचा क्रम मात्र जुनाच आहे: आधी हवा, मग डिझेल, मग कॉम्प्रेशन. हा क्रम अंगी नसलेल्याच्या हाती स्कॅनर दिला, तर तो कोड वाचतो, पार्ट बदलतो, आणि बिल मालकाच्या माथी बसतं.